'जत्रा' आणि 'बस्ता' : खरेदीनिमित्तच्या प्रवासाचा शब्दार्थविचार

हिवाळा तोंडावर आला की नाशिकच्या बऱ्यापैकी सुस्थितीतील घरांतून अलीकडे एक वाक्य ऐकू येते : 'यंदा फेस्टिव्हलला दुबईला जायचे आहे.' याच घरांतील वडीलधारी मंडळी 'यंदा आषाढीला पंढरपूरला जायचे आहे' असे म्हणत आली. दोन वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हींत 'ला' हा प्रत्यय दोनदा येतो. एकदा निमित्ताला लागून आणि एकदा स्थळाला लागून. 'खरेदीला' किंवा 'दर्शनाला' असा प्रयोजनाचा शब्द घातला तर तोच प्रत्यय तिसऱ्यांदा येतो आणि तरीही वाक्य कानाला खटकत नाही. केव्हा, कोठे आणि कशासाठी, हे तिन्ही प्रश्न मराठी एकाच प्रत्ययावर सोपवते. बागलाण-मालेगावकडील अहिराणीत हेच काम 'ले' हा प्रत्यय करतो. वाक्यातील जागा जशीच्या तशी राहिली, तिच्यातून आषाढी गेली व फेस्टिव्हल आला, पंढरपूर गेले व दुबई आली.

ही जागा सारखी असल्यामुळे एक निष्कर्ष सहज काढला जातो. वर्षातून एकदा, ठरलेल्या काळात, घरच्या माणसांसह, पैसा गाठीला बांधून दूरच्या मोठ्या शहरी खरेदीसाठी जाणे ही आजची यात्राच आहे, असे सुशिक्षितांच्या बोलण्यात वारंवार येते. कोणी ते कौतुकाने म्हणतो, कोणी उपहासाने. उपहास करणाऱ्याच्या मनात असे असते की पूर्वी लोक देवासाठी घर सोडीत आणि आता वस्तूंसाठी सोडतात. या दोन्ही मतांची परीक्षा शब्दांच्या साक्षीने करता येते. साक्ष तपासल्यावर असे दिसते की उपहास करणाऱ्याचा इतिहास चुकला आहे आणि कौतुक करणाऱ्याने पूर्वज ओळखण्यात घाई केली आहे. आजच्या खरेदी-महोत्सवाचा पूर्वज जत्रेत शोधण्यापेक्षा पेठेत शोधावा लागतो. आणि त्या पूर्वजाचे मराठी नाव 'बस्ता' असे आहे.

प्रथम 'यात्रा' व 'जत्रा' या जोडीचा विचार करू. दोन्ही शब्द एकाच संस्कृत शब्दाचे आहेत. 'या' म्हणजे जाणे, त्यावरून 'यात्रा'. शब्दाच्या आरंभीच्या 'य'चा प्राकृतात 'ज' होतो हा नियम परिचित आहे : 'योगी'चा 'जोगी', 'यज्ञोपवीता'चे 'जानवे', 'यंत्रा'चे 'जाते'. परंतु 'जाते' या शब्दात 'त्र'चा 'त' झालेला आहे आणि 'जत्रा' शब्दात 'त्र' शाबूत आहे. म्हणजे 'जत्रा' हा पूर्ण तद्भव नव्हे; संस्कृत रूपाचा धाक ज्याच्यावर कायम राहिला असा तो अर्धतत्सम शब्द आहे. पूर्ण झिजलेले रूप 'जात' असे व्हावयाचे. ते राजस्थानी आणि पहाडी बोलींत आढळते. उत्तराखंडातील नंदादेवीच्या मोठ्या यात्रेला 'राजजात' म्हणतात. मराठीने अर्ध्या वाटेवरचे रूप पत्करले, आणि मूळ रूपही हातचे सोडले नाही.

एका अर्थाचे दोन शब्द भाषेत फार काळ शेजारी नांदत नाहीत. त्यांच्यात अर्थाची वाटणी होते. येथेही झाली. जाण्याची क्रिया 'यात्रे'कडे आली आणि जेथे जावयाचे तेथील गर्दी, दुकाने, पाळणे, कुस्त्या हे सर्व 'जत्रे'च्या वाट्याला आले. काशीयात्रा असते, काशीजत्रा नसते. मात्र ही वाटणी सरकारी मोजणीसारखी काटेकोर नाही. नाशिक व नगर जिल्ह्यांत गावदेवाच्या वार्षिक मेळ्याला सर्रास 'यात्रा'च म्हणतात आणि 'गावची यात्रा भरली' असे बोलतात. वर्तमानपत्रांनी त्यावर 'यात्रोत्सव' असा एक जड शब्द घडवून ठेवला आहे. बंगालीत हाच शब्द 'जात्रा' असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ नाट्यप्रयोग असा होतो. म्हणजे एकाच मूळ शब्दातून एका प्रांताने बाजार उचलला आणि दुसऱ्याने नाटक उचलले. आपल्याकडील जत्रेतही तमाशाचा फड असतोच. पण तो शब्दाच्या अर्थात शिरला नाही.

आता, यात्रा पूर्वी निव्वळ धार्मिक होती आणि व्यापार तीत मागाहून घुसला, ही समजूत कितपत टिकते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्सव, समाज आणि यात्रा हे तीन शब्द एका दमात येतात. आणि ते देवधर्माच्या प्रकरणात येत नाहीत, मद्याच्या प्रकरणात येतात. अशा प्रसंगी चार दिवस मद्य गाळण्याची मोकळीक असावी असा तो नियम आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा विषय तर यात्रा हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत मृगया आणि तत्सम मौजा असत. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असे त्यात सांगितले आहे. याचा भाषिक अर्थ महत्त्वाचा आहे. 'यात्रा' शब्दाला 'धर्म' हे विशेषण मुद्दाम जोडावे लागले, कारण नुसत्या यात्रेत धर्म गृहीत नव्हता. या आठव्या लेखाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यास सापडला. सोपारा हे कोकणकिनाऱ्यावरचे प्राचीन बंदर. देशावरचा माल घाट उतरून ज्या बंदरांकडे जाई त्यांपैकी ते एक. मौजेची यात्रा कोणती आणि धर्माची कोणती, हा वाद एका व्यापारी बंदरात दगडावर कोरला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इतर भाषांची साक्ष याहून वेगळी नाही. इंग्रजीतील 'फेअर' हा शब्द लॅटिनमधील 'फेरिए' म्हणजे सणाचे, देवाचे दिवस, यावरून आला. जर्मन भाषेत व्यापारी प्रदर्शनाला 'मेसे' म्हणतात. तो शब्द चर्चमधील प्रार्थनाविधीचा आहे, कारण संताच्या उत्सवातील त्या विधीला लोक जमत आणि जमलेल्या लोकांसमोर व्यापारी माल मांडीत. फ्रँकफुर्ट आणि लाइपझिग येथील प्रचंड व्यापारी मेळे अद्याप तेच नाव चालवतात. सर्वांत चमत्कारिक उदाहरण मात्र दुबईचेच आहे. तेथील खरेदी-महोत्सव १९९६ साली सुरू झाला. तो सर्वस्वी व्यापाराच्या हेतूने योजलेला आहे. कोणत्याही देवाशी वा संताशी त्याचा संबंध नाही. त्याच्या अरबी नावात महोत्सवासाठी 'मिहरजान' हा शब्द आहे. हा शब्द अरबांनी इराणकडून घेतला. प्राचीन इराणात शरद ऋतूत 'मिहरगान' नावाचा सण असे आणि तो 'मिथ्र' या देवतेचा होता. हा मिथ्र म्हणजेच वेदांतील 'मित्र'. त्याच नावातील खरेदीसाठीचा शब्द 'तसव्वुक' हा 'सूक' म्हणजे बाजार या नामावरून साधलेला आहे. जसे मराठीत 'बाजार करणे'. तेव्हा विमानाने दुबईस जाणारा नाशिककर आपल्या नकळत मित्रदेवतेच्याच उत्सवाला जातो, असे थट्टेने म्हणता येईल. थट्टा सोडली तरी मुद्दा उरतो : मेळ्याचे नाव देवाकडून घेण्याची रीत सार्वत्रिक आहे. देव आणि दुकान यांची ताटातूट करून पाहणे ही अलीकडची दृष्टी आहे. विक्रेत्याच्या तोंडचा 'भवानी' हा शब्दही पाहावा. दिवसाच्या पहिल्या विक्रीचा हा शब्द हिंदीतील 'बोहनी'शी जुळतो. देवीच्या नावाशी तो बहुधा लोकव्युत्पत्तीने चिकटला असावा. परंतु लोकांना तो चिकटवावासा वाटला, यातच सर्व आले.

येथवरचा विचार कौतुक करणाऱ्यांच्या बाजूचा झाला. जत्रेत बाजार पहिल्यापासून आहे; मग वर्षातून एकदा भरणाऱ्या या नव्या बाजाराला जत्रा म्हणण्यास हरकत कोणती? हरकत क्रियापदांची आहे.

मराठीत जत्रा 'भरते', बाजार 'भरतो'. शाळा, सभा आणि दरबारही भरतात. अकर्मक 'भरणे' या क्रियापदाचा हा उपयोग मोठा अर्थपूर्ण आहे. नदी भरते, शेतातले कणीस भरते, तशी जत्रा भरते; तिला भरणारा कोणी कर्ता वाक्यात लागत नाही. तिथी आली, माणसे जमली, जत्रा भरली. सप्तशृंग गडावरची चैत्रातील यात्रा रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत भरते आणि खानदेशातून लोक पायी गडाकडे लोटतात. मालेगावजवळच्या चंदनपुरीला पौष पौर्णिमेस खंडोबाची यात्रा भरते. त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांची. या वाक्यांत कर्ता विचारणेच अस्थानी ठरते. प्रदर्शन मात्र 'भरवतात', संमेलन 'भरवतात'. हे प्रयोजक रूप आहे आणि ते येताच कोणी भरवले हा प्रश्न उभा राहतो. महोत्सव तर भरतही नाही आणि फारसा भरवलाही जात नाही. तो 'आयोजित' केला जातो, त्याचे 'उद्घाटन' होते आणि 'समारोप' होतो. शेवटाचे शब्दही असेच वेगळे आहेत : बाजार उठतो, जत्रा फुटते, सेल संपतो.

'सेल' हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे, कारण त्याच्यासाठी मराठीने निराळेच क्रियापद निवडलेले दिसते : सेल 'लागतो'. ग्रहण लागते, निकाल लागतो, सिनेमा लागतो, तसा सेल लागतो. बाहेरून येऊन आपल्यावर काही काळ पडणारी आणि मग सुटणारी गोष्ट, असा त्या क्रियापदाचा भाव आहे. यावरून 'जत्रा आपली म्हणून भरते आणि सेल परका म्हणून लागतो' असे एक सुबक सूत्र मांडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होईल. तो आवरावा. हिंदीत मेळाही 'लगता है', बाजारही 'लगता है' आणि सेलही 'लगती है'; तेथे हा भेदच नाही. मराठीतील 'सेल लागणे' हा प्रयोग मुंबईच्या मिश्र बाजारभाषेतून हिंदीच्या द्वारे आला असण्याचा संभव पुष्कळ आहे. तसे असेल तर त्यातून मराठी मनाविषयी काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की मराठीने हिंदीतून 'सेल' घेतला तेव्हा त्याचे क्रियापद घेतले पण त्याचे लिंग घेतले नाही. हिंदीतील स्त्रीलिंगी 'सेल' मराठीत पुल्लिंगी झाला. जत्रेला मात्र हे नवे क्रियापद शिवले नाही. कोणी मराठी माणूस 'चंदनपुरीला जत्रा लागली' असे म्हणत नाही.

सामान्यरूपही असेच साक्षीला येते. 'बाजार' फारसीतून आला, 'पेठ' हा शब्द कानडी 'पेटे' व तेलुगु 'पेट' यांचा आप्त आहे. पण दोघेही मराठी विभक्तीपुढे मुकाट्याने वाकतात : बाजारात, बाजाराला, पेठेत, पेठेला. इंग्रजीतून आधी आलेले शब्दही वाकले. कोर्टात, स्टेशनावर अशी रूपे सर्वतोमुखी होती. 'फेस्टिव्हल' वाकत नाही. 'फेस्टिव्हलाला' कोणी म्हणत नाही. 'फेस्टिव्हलला' आणि 'फेस्टिव्हलमध्ये' एवढेच चालते. जाता जाता हेही नोंदवावे की 'बाजारात जाणे' आणि 'बाजाराला जाणे' यांत फरक आहे. पहिल्यात बाजार ही जागा आहे, दुसऱ्यात तो प्रसंग आहे. नाशकात गोदाकाठच्या बुधवारच्या आठवडे बाजारासंबंधी बोलताना खेड्यातून येणारा माणूस 'बाजाराला आलो' म्हणतो. सराफ बाजारात किंवा भांडी बाजारात मात्र तो केव्हाही 'बाजारात' जातो.

क्रियापदांहून निर्णायक असा दुसरा एक भेद आहे. जत्रेत प्रवास कोण करतो? घेणारा करतो, आणि विकणाराही करतो. कासार, मिठाईवाले, खेळणीवाले, पाळणेवाले हे सर्व एका यात्रेहून दुसऱ्या यात्रेला फिरत असतात. त्यांच्या वर्षाची रचनाच तिथींवर झालेली असते. ते 'पाल' ठोकतात. पाल हा शब्दच तात्पुरत्या वस्तीचा आहे. पाले पडली की जत्रा आली आणि पाले उठली की गेली. गोडी शेव आणि रेवड्या घेणारा जितका परगावचा, तितकाच विकणारा. स्वतःच्या घरी असतो तो केवळ देव. मोठ्या शहराच्या खरेदी-महोत्सवात याच्या उलट असते. तेथे विकणारा आपल्या कायमच्या दुकानात बसलेला असतो आणि प्रवास एकट्या घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. हा आकृतिबंध जत्रेचा नव्हे, पेठेचा आहे.

पेठेच्या या आकृतिबंधाला नाशिकात मोठा इतिहास आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे ठेवली, दोन हजार एकीकडे शेकडा एक दराने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने, आणि या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची तरतूद केली. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला गेला. जी पेढी पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाही तिच्याकडेच कोणी कायमची ठेव ठेवतो. पाल ठोकून राहणाऱ्या विक्रेत्याकडे ठेव ठेवली जात नाही. अचल दुकान आणि त्याच्याकडे चालून येणारा घेणारा हा प्रकारही, म्हणजे, जत्रेइतकाच पुरातन आहे.

या प्रकारच्या प्रवासाचे मराठी नाव 'बस्ता'. लग्न ठरले की दोन्ही घरची माणसे मिळून कापडाच्या मोठ्या पेठेला जातात. नवरा-नवरीचे, विहिणींचे, मानपानाचे सर्व कापड एकाच बैठकीत, बहुधा एकाच दुकानी घेतले जाते. यास 'बस्ता बांधणे' म्हणतात; ग्रामीण भागात 'बस्ता फाडणे' असेही म्हणतात. एक बांधतो तर दुसरा फाडतो, आणि अर्थ तोच! ताग्यातून कापड फाडून घेतल्याशिवाय गठ्ठा बांधला जात नाही, हे ध्यानात घेतले की विरोध मिटतो. 'बस्ता' हा फारसी शब्द; 'बस्तन' म्हणजे बांधणे, त्याचे हे भूतकालवाचक धातुसाधित. फारसीतील 'बस्तन' आणि संस्कृतातील 'बंध्' हे एकाच मूळ धातूचे वंशज आहेत. म्हणून 'बस्ता बांधणे' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा बसला आहे, एकदा इराणच्या वाटेने येऊन आणि एकदा प्राकृताच्या. 'खरेदी-विक्री' या जोडीचेही असेच आहे. 'विक्री'तील 'क्री' धातू आणि फारसी 'खरीदन' यांचे मूळ एक आहे. मराठी माणूस विकताना संस्कृत बोलतो आणि घेताना फारसी. पण दोन्हीकडे तो एकाच जुन्या धातूशी व्यवहार करीत असतो.

बस्त्याला कोठे जावयाचे हे घराच्या ऐपतीवर आणि हौशीवर अवलंबून. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात येवला हे पैठणीसाठी प्रसिद्ध आहे. पैठणचे नाव घेतलेले वस्त्र येवल्याच्या मागावर विणले जाते. ज्यांची दृष्टी याहून दूर जाई ते मुंबईला जात. कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे १८६५ साली इगतपुरीस पोचली आणि घाट उतरणे ही तासांची गोष्ट झाली. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने तर सकाळी निघून मुंबईच्या पेठा पालथ्या घालाव्या आणि रात्री घरी यावे, अशी सोय केली. या गाडीने नाशिकच्या बोलीत 'जाऊन-येऊन' हा शब्दप्रयोग रुळवला असे म्हणणे धाडसाचे होईल. तो आधीपासून होताच. परंतु मुंबईच्या खरेदीपुढे तो जितका सहज जोडला जातो तितका कोणत्याही यात्रेपुढे जोडला जात नाही, हे मात्र खरे. यात्रेला मुक्काम लागतो, आणि वाटही लागते. वाट हाच यात्रेचा अर्धा भाग आहे. बस्त्याच्या प्रवासात वाट ही केवळ अडचण असते.

बस्त्याची लक्षणे एकत्र करून पाहावी. प्रसंग ठराविक, जाणारे एकटे नाहीत, घरचा गोतावळा बरोबर, दुकान अचल, वस्तू एकदम आणि पुष्कळ, किमतीत काही सूट मिळावी अशी अपेक्षा, आणि दुकानदाराकडून चहापाण्याचा, कधी जेवणाचाही पाहुणचार. यांपैकी प्रत्येक लक्षण दुबईच्या किंवा कोणत्याही मोठ्या शहराच्या खरेदी-महोत्सवात आढळते. सूट तेथे जाहिरातीत छापलेली असते, पाहुणचाराच्या जागी सोडती आणि रोषणाई असते, आणि लग्नाचे निमित्त नसल्यामुळे शहर स्वतःच निमित्त निर्माण करून देते. मराठी बस्त्याला घरचा प्रसंग लागत असे. खरेदी-महोत्सव हा प्रसंग विकणाऱ्याने पुरवलेला बस्ता आहे. तिथी पंचांगातून निघे, लग्नाची तारीख दोन घरांच्या बैठकीतून निघे. महोत्सवाची तारीख व्यापाराच्या सोयीतून निघते. अंगावर मात्र तो जत्रेचे कपडे घालतो, कारण बस्त्याला गर्दीचा आनंद नसतो आणि जत्रेला असतो.

या बदलाची किंमत कोण देतो, याचा शोधही एका शब्दजोडीत घेता येतो. 'ग्राहक' हा तत्सम आणि 'गिऱ्हाईक' हे त्याचेच घासलेले रूप. व्याकरणात त्यांचे वर्तन वेगळे : तो ग्राहक, पण ते गिऱ्हाईक. विकणाऱ्याच्या तोंडी हा शब्द वाढला आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने समोरचा माणूस स्त्री की पुरुष हे गौण असल्यामुळे नपुंसकलिंग सोयीचे पडले असावे. 'थट्टेचे गिऱ्हाईक' या प्रयोगात तर तो माणूस दुसऱ्याच्या हातचे खेळणे होतो. तरीही 'आमचे जुने गिऱ्हाईक' यात जी जवळीक आहे ती 'आमचे जुने ग्राहक' यात नाही. 'ग्राहक' प्रतिष्ठेचा शब्द झाला तो चळवळीने आणि कायद्याने. १९७० नंतरच्या दशकात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि पुढे २०१९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. ग्राहकाला हक्क मिळाले. गिऱ्हाइकाला उधारी मिळत असे. दोन्ही मिळणारा शब्द मराठीत अजून झालेला नाही. शिवाय दोघेही दुकानाच्या उंबऱ्याशी जन्मतात. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जो माणूस खरेदीचा प्रवासी असतो, त्याला नाव नाही. पंढरीला जाणारा वारकरी आहे, काशीला जाणारा यात्रेकरू आहे. 'करी' आणि 'करू' हे प्रत्यय हाताशी असूनही भाषेने येथे एकही शब्द घडवला नाही. बस्त्याला जाणाऱ्यांनाही नाव नव्हतेच. नाव त्यालाच मिळते ज्याच्या वाटेला काही मोल आहे.

शेवटी दोन उदाहरणे अशी, की ज्यांत वरील विभागणी स्वच्छ बसत नाही आणि म्हणूनच ती तपासणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात होळीपूर्वीच्या आठवड्यात आदिवासींचा 'भोंगऱ्या बाजार' भरतो. वर्षातून एकदा येणारा, उत्सवाचा आणि वाद्यांच्या गजराचा हा मेळा आहे. तरी त्याचे नाव जत्रा नाही, बाजार आहे, आणि लोक तेथे होळीचे सामान घेण्याकरिताच येतात. मोठे दैवत मध्यभागी नसताना, निव्वळ खरेदीच्या निमित्ताने, आयोजकावाचून भरणारा वार्षिक उत्सव! खरेदी-महोत्सव ही कल्पना परदेशातून आयात झाली असे म्हणणाऱ्यांनी सातपुड्यात एकदा जाऊन यावे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. तेथे डिसेंबरात 'भीमथडी जत्रा' या नावाने वार्षिक विक्री-महोत्सव होतो आणि नाशिकहूनही हौशी लोक त्यासाठी जातात. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. मराठ्यांच्या इतिहासात तेथील तट्टे नावाजलेली. शहराच्या मैदानावर, देव नसताना, आयोजकांनी ठरवलेल्या तारखेस जे होते त्याला जत्रा म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण विकणाऱ्यांकडे पाहिले की मत बदलावे लागते. खेड्यापाड्यांतील बचत गटांच्या स्त्रिया आपले मसाले, भाकरी, घोंगड्या, हातकाम घेऊन तेथे येतात, काही दिवस मांडणी करतात आणि उठून जातात. घेणारा आणि विकणारा दोघेही वाटेवरचे आहेत. मुंबईत याच धर्तीवर होणाऱ्या बचत गटांच्या 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनातही तसेच घडते, आणि तेथे तर नावात देवीही आहे; तरी त्याला कोणी जत्रा म्हटले नाही, प्रदर्शनच म्हटले. नाव देणाऱ्याने एके ठिकाणी जुना शब्द निवडला आणि दुसऱ्या ठिकाणी निवडला नाही, एवढाच हा भेद. त्याचे कारण शब्दशास्त्रात सापडणार नाही.

बोलणाऱ्यांनी त्या शब्दाचे पुढे काय केले, हे मात्र सापडते. 'भीमथडी जत्रा' या नावातील दुसरा शब्द संभाषणात गळू लागला असून 'यंदा भीमथडीला जायचे का?' असे विचारले जाते. नदीकाठचा एक प्रदेश अशा रीतीने प्रसंगवाचक झाला आहे, आणि त्याला लागलेला 'ला' स्थळाचा की निमित्ताचा, हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. क्रियापद मात्र बोलणाऱ्याच्या तोंडी आपोआप येते ते 'भरली आहे' हेच.